चाकांवरच्या कचेरीची वीज

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीजवळ, क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळा लागला की उत्तरेकडील हिमप्रदेशातून निघालेली, मोटारीमागे जोडून ओढत आणलेली घरे, ज्यांना तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, या गावाभोवतीच्या सरकारी माळरानावर मुक्कामाला येतात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात तेथील भूव्यवस्थापन खाते ठराविक शुल्क घेऊन दीर्घ मुक्कामाचा परवाना देते. मात्र वीजजोडणी देत नाही. केवळ विश्रांतीसाठी आलेल्यास त्याचे फारसे वाटत नाही. परंतु ज्याची नोकरीच संगणकावर चालते आणि ज्याला ठरल्या वेळी सभेस हजर राहावेच लागते, त्याला छतावर किती सौर पॅनेल आणि पलंगाखाली किती बॅटरी, या प्रश्नाचा निकाल निघण्यापूर्वी लावावा लागतो.

बहुतेक लोक या गणिताचा आरंभ छतापासून करतात. जागा किती, तीत पॅनेल किती मावतील, हे आधी पाहतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की आरंभ खर्चाच्या बाजूने करावा, कारण जमेची बाजू सूर्य आणि ऋतू यांच्या स्वाधीन असली, तरी खर्चाची बाजू सर्वस्वी आपल्या हाती असते. लॅपटॉपला ५० आणि जोडपडद्याला २५ वॉट धरले, तर ८ तासांच्या कामात ६०० वॉट-तास लागतात. उपग्रहाद्वारे इंटरनेट देणारी स्टारलिंकची तबकडी ६० वॉटने १० तास चालली तर आणखी ६००. बॅटरीवर चालणारा लहान फ्रिज दिवसाकाठी साधारण ६००, दिवे, पाण्याचा पंप व फोन मिळून १००, आणि थंडीच्या रात्री गॅसच्या शेगडीची ऊब घरभर फिरवणारा पंखा सुमारे ३६०. यात इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज मिळवली की बेरीज अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत रोज अडीच युनिटे होते.

या ताळेबंदात ज्याची धास्ती वाटते ते खर्चिक नसते, आणि ज्याकडे लक्षही जात नाही तेच पुष्कळदा शिल्लक खाऊन टाकते. मायक्रोवेव्ह दीड हजार वॉट ओढतो खरा, पण ५ मिनिटांत त्याचे काम उरकते आणि खर्च पडतो सव्वाशे वॉट-तासांचा. उलट तीच ६० वॉटची तबकडी रात्रीही चालू राहिली, तर दिवसभराचा आकडा १,४४० वर जातो. मायक्रोवेव्हसाठी जाड तारा आणि दणकट इन्व्हर्टर हवा, तबकडीसाठी मात्र एक बटन आणि ते बंद करण्याची सवय पुरे. वातानुकूलन यंत्राचे प्रकरण निराळे: ते मोठेही आहे आणि दीर्घकाळ चालणारेही, म्हणून ट्रेलरमधील सौरविजेवर त्याची तजवीज करण्यापेक्षा उन्हाळ्यात डोंगराकडे मुक्काम हलवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आता जमेची बाजू. क्वार्ट्झसाइट ३४ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासे अलीकडे आहे. तेथे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश चढतो, आणि त्यामुळे छतावर सपाट निजलेल्या पॅनेलला थेट किरणांचा निम्म्याहून किंचितच अधिक लाभ मिळतो. वाळवंटातील निरभ्र आकाशाखालीही त्या दिवसांत सपाट पॅनेलच्या वाट्याला सुमारे ३ तासांच्या पूर्ण उन्हाइतकीच ऊर्जा येते, तर दक्षिणेकडे नीट तिरपे उभे केल्यास ती ५ तासांइतकी होते. तारा, उष्णता व धूळ यांची वजावट करता अडीच युनिटांसाठी सपाट पॅनेले सुमारे १,१०० वॉटची लागतात, तिरपी केलेली ६५० वॉटची भागवतात. जूनमध्ये ४०० वॉटही पुरतील. परंतु पुरवठ्याची तरतूद वर्षातील सर्वांत दुबळ्या महिन्याकडे पाहून करावी. शिवाय उतरत्या उन्हात छतावरील लहानशा झडपेचीही लांब सावली पडते, आणि एका कोपऱ्यावर पडलेली सावली त्या पॅनेलची वीज अपेक्षेपेक्षा फार अधिक घटवते.

बॅटरीबाबत आता फारसा वाद उरलेला नाही. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि पुढे नोबेल पारितोषिकाने गौरवलेले जॉन गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटाच्या ज्या संयुगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावर आधारलेल्या लिथियम बॅटरीतील ८० टक्क्यांहून अधिक वीज निर्धास्त वापरता येते. शिशाच्या बॅटरीची मात्र निम्मीच वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने खुंटते, आणि तिच्या वजनाचा भार ओढणाऱ्या मोटारीवर पडतो तो वेगळाच. दोन रात्री आणि मधला एक अभ्राच्छादित दिवस निभावण्यास ३०० अँपिअर-तासांची, म्हणजे ३,८४० वॉट-तासांची लिथियम बॅटरी दिवसा काम करणाऱ्यास पुरते. तापमान शून्याखाली गेले असता मात्र ती चार्ज करू नये, म्हणून तिची जागा घराच्या आत असावी.

आपल्याकडील जे तरुण तिकडे राहून पुण्याच्या कचेरीशी जोडलेले असतात, त्यांचा हिशेब याहून कठीण. ॲरिझोनाचे घड्याळ आपल्याहून साडेबारा तास मागे चालते. पुण्याचे सकाळचे साडेनऊ म्हणजे तेथे आदल्या रात्रीचे नऊ. रोजचा खर्च तोच अडीच युनिटांचा, परंतु त्यातील सुमारे दोन युनिटे सूर्य नसताना, म्हणजे बॅटरीतून जातात. अशांनी ४०० अँपिअर-तासांखाली उतरू नये.

ढग लागोपाठ तिसऱ्या दिवशीही राहिले, तर मोटार चालत असताना तिच्या अल्टरनेटरकडून ३० अँपिअरने चार्ज करणारे उपकरण ३ तासांत एक युनिटाहून थोडी अधिक वीज देते. हंगामी परवान्याच्या जागा सोडून इतरत्र, सरकारी माळावर एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा अधिक राहण्यास सामान्यतः मनाई असल्यामुळे, असा प्रवास तसाही करावाच लागतो. तो कोणत्या दिवशी करावा, हे आकाश पाहून ठरवता येते.