आधी हाक, मग हात



शिक्षकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो. जेवणाची वेळ जवळ आली आहे, आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ‘दोनच शब्द’ म्हणत माझाही वेळ वापरून टाकला आहे.

पहिली ते पाचवीच्या मुलांना प्रथमोपचार शिकवा म्हटलं, की आपल्यापैकी बरेच जण विचारतात, “सर, एवढीशी पोरं काय करणार?” प्रश्न रास्त आहे. नॉर्वेनं १९६१ पासून शाळेत जीवरक्षणाचं शिक्षण आणलं. बंद पडलेल्या हृदयाला छाती दाबून मदत कशी करायची, हे बारा वर्षांपासून पुढच्या मुलांना दरवर्षी दोन तास शिकवावं, या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये पाठिंबा दिला. पण बारा वर्षांपासून! मोठ्या माणसाची छाती मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, प्रत्येक वेळी किमान पाच सेंटिमीटर दाबायची, तर अंगात वजन लागतं. तिसरीतल्या पोराच्या अंगात ते कुठून येणार? सरावाच्या पुतळ्यावर छाती दाबण्याची ओळख जरूर करून द्या, पोराची भीती मोडेल. मात्र तेवढ्यावर शाळेनं ‘आमची मुलं जीव वाचवतात’ असा फलक लावू नये.

मग लहान मुलाचं काम कोणतं? माझं उत्तर सरळ आहे. काहीतरी बिघडलंय हे ओळखणं, मोठ्यांना हाक मारणं, फोनवर नीट सांगणं, आणि घरातली मोठी माणसं चुकीचं काही करायला निघाली तर त्यांना अडवणं. शेवटचं काम सगळ्यांत अवघड आहे, आणि शाळेनं खरी मेहनत तिथंच घ्यायला हवी.

आधी फोनचं बोलू. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका आहे, ११२ क्रमांकही आहे. नंबर मुलांना पाठ असतात. पण वर्गात खोटा फोन लावून बघा. “कुठून बोलतोस बाळ?” “घरातून.” “घर कुठाय?” “शाळेच्या मागं.” हसू नका, घाबरलेला बापही असंच सांगतो. १०८ चा फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात वाजतो. तिथल्या माणसाला तुमची वाडी कशी ठाऊक असणार? पिंपळगाव आणि वडगाव तर आपल्या राज्यात किती आहेत, ते सांगायला नको. म्हणून क्रम घोटून घ्यायचा: जिल्हा, तालुका, गाव, मग खूण. देऊळ, पाण्याची टाकी, दूध डेअरी, काहीही चालेल. मग काय झालं आणि किती जणांना. आणि पलीकडच्यानं ‘ठेव’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. बाराखडी जशी घोटतो तसं हे दर पंधरवड्याला घोटलं, तर दुसरीतलं पोरसुद्धा न अडखळता सांगतं. फोन लावल्यावर एकानं रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे गाडी चुकत नाही. हे काम मुलांना फार आवडतं.

आता सापाचं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांत चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं होती, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. म्हणजे आपली शाळा उघडते आणि हा हंगाम सुरू होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं मुलांना ठाऊक असतातच, कित्येकदा आपल्यापेक्षा जास्त. ठाऊक नसते ती मण्यारीची रीत. ती रात्री येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. बहुधा सूज नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं जड होतं. घरचे म्हणतात, “रात्रीचं काही बाधलं असेल,” आणि ओवा देतात. “आई, दादाचे डोळे उघडत नाहीत, त्याला दवाखान्यात नेऊ या,” हे वाक्य जर त्या घरातल्या चौथीतल्या मुलीला सुचलं, तर तिच्या शिक्षकाचं वर्षाचं काम झालं असं मी समजेन.

पण सुचणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. म्हणून याचं नाटक बसवावं लागतं. शिक्षिकेनं पदर खोचून आजी व्हायचं. एका मुलाला साप चावलाय. आजी दोरी घेऊन पायाला आवळायला निघते. मुलीनं म्हणायचं, “आजी, बांधू नको. पाय हलू देऊ नको, दादाला चालवू नको, पायातला तोडा तेवढा काढ.” आजीनं डोळे वटारायचे: “लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस.” इथं मुलगी गप्प बसली, तर धडा शिकून झालेला नाही. तिनं पुन्हा म्हणायला हवं, “आमच्या बाईंनी सांगितलंय.” या तीन शब्दांना गावात अजून वजन आहे, ते आपण वापरत नाही. पुढचं वाक्य, “मांत्रिकाकडे नको, दवाखान्यात चला.” आणि दोरी आधीच आवळलेली असेल, तर ती ओढून सोडू नये, डॉक्टरांसमोरच सुटू द्यावी, हेही सांगायला विसरू नका. अर्धवट ज्ञान इथं जिवावर बेततं. चिरा देणं, तोंडानं विष ओढणं हे सिनेमातलं सगळं बाद.

औषध आपल्याकडे आहे. या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष मुंबईची हाफकिन संस्था बनवत आली आहे. विंचवाचं तर आपण जगाला शिकवलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कोकणातली माणसं वाचवली. घोडं अडतं ते घर आणि दवाखाना यांच्यामधल्या वेळात, आणि त्या वेळात घरात मूल हजर असतं.

भाजण्याबद्दल थोडक्यात. वीस मिनिटं गार पाणी. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. नळाला पाणी नसेल तर तांब्या-तांब्यानं ओता. आमच्या दुष्काळी भागात वीस मिनिटं पाणी ओतायचं म्हटलं, की घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण तेही मुलांना बोलता आलं पाहिजे. फीट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, त्याच्या तोंडात चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या आणि झटके थांबले की त्याला कुशीवर वळवायचं. नाकातून रक्त आलं तर मान मागं टाकायची नाही, पुढं झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. एवढं पुरे.

आता जरा कडू बोलतो. मुलांच्या शौर्याचं आपण जे कौतुक करतो, त्याची मला धास्ती वाटते. मित्र विहिरीत पडला आणि यानं उडी मारली, अशी बातमी आली की आपण परिपाठात वाचून दाखवतो. दोघंही गेले, ती बातमी आपण वाचत नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो. म्हणून काठावर पालथं पडून काठी पुढं करायची, दोर फेकायचा, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन फेकायचा, आणि बोंब मारायची. पाण्यात उतरायचं नाही. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच. १९५७ साली दिल्लीत रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली, तेव्हा हरिश्चंद्र मेहरा या मुलानं चाकूनं पेटतं कापड कापलं. पंडित नेहरू त्या कार्यक्रमाला होते. त्यातूनच मुलांचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाले. पुरस्कार सगळ्यांना आठवतो. तो मुलगा स्काउट होता, चाकू स्काउटचा होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

शेवटी कपाटाचं. बहुतेक शाळांत प्रथमोपचार पेटी आहे. ती कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे आणि मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला आहेत. आत पिवळा पडलेला कापूस आणि मुदत संपलेलं औषध. तपासणीच्या आदल्या दिवशी तिच्यावरची धूळ झटकतात. या अधिवेशनाच्या ठरावांत एक ठराव माझ्याकडून घ्या: पेटी भिंतीवर, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आणि बिनकुलपाची असावी. कापूस चोरीला गेला तर जाऊ दे. आणि हे सगळं शिकवायला नवा तास मागू नका, तो मिळणार नाही. परिसर अभ्यासाच्या तासात बसवा, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच बसवा.

दुपारच्या सत्रात पुतळ्यांवर प्रात्यक्षिक आहे. मुख्याध्यापक मंडळींनी मागच्या रांगेत बसू नये, खाली सतरंजी अंथरली आहे. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी पुढं यावं, ज्यांचे देत नाहीत त्यांनी १०८ वर बोलायचा सराव करावा. आता जेवायला चला.