प्रोसेसर थांबला, मोटर थांबली नाही

आजचा भाग गुरुवारी रेकॉर्ड करतोय. भोसरीकडे काम करणाऱ्यांना सांगायला नको, आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांचा रविवार गुरुवारीच येतो. बाहेर गाड्यांचा आवाज कमी आहे, म्हणून म्हटलं आजच बसूया. हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर अजूनच उत्तम, वेळच वेळ आहे तुमच्याकडे.

आजचा विषय आहे डीबग पोर्ट. एम्बेडेड प्रोसेसरच्या आत काय चाललंय ते बाहेरून बघायची सोय. विषय रुक्ष वाटेल, म्हणून सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूला एका छोट्या कंपनीत आम्ही ई-रिक्षाचा मोटर कंट्रोलर बनवत होतो. बुधवारची संध्याकाळ, सगळ्यांना घरी जायची घाई. मोटर मध्येच एक झटका द्यायची आणि तो झटका कुठून येतो ते सापडत नव्हतं. करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय दुसऱ्या टेबलावर अडकला होता, म्हणून मी थेट ४८ व्होल्टची बॅटरी जोडली. डीबगर लावला, मोटर फिरवली आणि ज्या ओळीवर संशय होता तिथे ब्रेकपॉइंट टाकला.

प्रोसेसर थांबला. स्क्रीनवर बाण अगदी त्या ओळीवर येऊन उभा. मी खूश! आणि तेवढ्यात मोटरमधून घर्र असा आवाज आला, मग ती जागीच जाम झाली, मग फट्ट. एका मॉसफेटचा तुकडा उडाला आणि समोर सोल्डरिंग करणाऱ्या ताईंच्या चष्म्यावर आपटला. सेफ्टी चष्मा होता म्हणून डोळा वाचला. त्या काही क्षण गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही तर म्हणालात थांबवलंय."

खरंच म्हणालो होतो. ब्रेकपॉइंट टाकताना मीच मोठ्यानं म्हणालो होतो, "थांबवतोय आता." पुढचा सगळा भाग त्या एका शब्दाबद्दल आहे. थांबवलं म्हणजे नक्की काय थांबवलं?

जरा मागे जाऊ. माझे बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. इंजिनमध्ये आवाज कुठून येतोय ते शोधायची त्यांची पद्धत तुम्हीही पाहिली असेल. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनला, मूठ कानाला. बेअरिंग वाजतंय की टॅपेट, तिथल्या तिथे सांगायचे. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, बाइकमधला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्याला चालवणारा ईसीयू आला. त्याच्या वर्षभर आधी १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं होतं, त्याचा वेगळा कंट्रोलर. आता बिघाड कोडमध्येही असू शकतो आणि कोडला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही.

मग काय लावायचं? शिकाऊ माणूस आधी प्रिंट लावतो. मीही लावला होता. पण हिशेब बघा. सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर चालवला, तर एक अक्षर बाहेर पडायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. आमचा पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झचा, म्हणजे त्याचं एक चक्र ५० मायक्रोसेकंदांचं. एक अक्षर पूर्ण बाहेर पडेपर्यंत मोटरचं दीड चक्र उलटून गेलेलं! आणि अक्षर जाईपर्यंत कोड थांबून राहिला, तर ज्या वेळेचा बिघाड शोधायचाय ती वेळच आपण बिघडवतो.

म्हणून डीबग पोर्ट. याचं मूळ मजेशीर आहे. १९८५ मध्ये जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप नावाचा एक गट जमला. त्यांची अडचण वेगळीच होती. चिपचे पाय इतके बारीक आणि दाट व्हायला लागले होते की बोर्डावरचा सोल्डर नीट बसलाय की नाही ते सुई टेकवून तपासता येईना. म्हणून चिपच्या आतूनच पायांची तपासणी करायची सोय काढली. १९९० मध्ये तिचं आयईईई ११४९.१ हे स्टँडर्ड झालं. त्या गटाच्या नावावरून आपण तिला जेटॅग म्हणतो. एक क्लॉक, एक मोडची तार, एक डेटा आत, एक डेटा बाहेर. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की याच तारांवरून प्रोसेसरलाही प्रश्न विचारता येतील. नंतर आर्मनं हे काम दोन तारांत बसवलं, ते एसडब्ल्यूडी.

या तारांवरून काय काय करता येतं? प्रोसेसर थांबवता येतो, त्याचे रजिस्टर वाचता येतात, एकेक सूचना चालवता येते. फ्लॅशमधला कोड मध्येच बदलता येत नाही, म्हणून ब्रेकपॉइंटसाठी चिपमध्ये वेगळं हार्डवेअर असतं, पत्ता जुळला की थांब म्हणणारं. ते मोजकंच असतं. कॉर्टेक्स-एम३ मध्ये कोडसाठी असे सहा. आणि एक गोष्ट तेव्हा मला पुस्तकातून माहीत होती, पण हाताला सवय नव्हती. कॉर्टेक्स-एम३ सारख्या चिपमध्ये प्रोसेसर न थांबवताही मेमरी वाचता येते. कोड आपला चालू, आपण बाजूने बघतोय. म्हणजे बाबांचा स्क्रूड्रायव्हरच की! बाबा इंजिन बंद करून आवाज कधीच ऐकत नव्हते.

आता त्या बुधवारी काय जळलं ते सांगतो.

ब्रशलेस मोटरला कोणत्या वाइंडिंगमध्ये करंट सोडायचा ते सतत बदलत राहावं लागतं. आमच्याकडे हा बदल कोड करत होता. कोड थांबला, पण पीडब्ल्यूएमचा टायमर म्हणजे वेगळं हार्डवेअर, त्याला कोणी थांब म्हटलंच नव्हतं. तो शेवटच्या आकड्यावर इमानेइतबारे चालू राहिला. करंट एकाच वाइंडिंगमधून जात राहिला. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंटला आवर घालते. ती थांबली, आवर गेला. ४८ व्होल्टच्या ४० टक्के म्हणजे १९ व्होल्ट, वाइंडिंगचा रोध ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास. हिशेबानं दोनशे अँपिअरच्या जवळ जातं ते. बोर्डावर फ्यूज होता, पण फ्यूज वितळायच्या आत मॉसफेट गेला.

आणि करंट जास्त झाला की बंद करणारी तपासणी? होती ना. कोडमध्ये होती! तोच कोड मी थांबवला होता.

अजून एक कबुली. वॉचडॉग लावला होता. कोड अडकला की तो प्रोसेसर रीसेट करतो, पायांवरचे सिग्नल बंद होतात. पण डीबग करताना सारखा रीसेट होऊन त्रास देतो, म्हणून थांबल्यावर वॉचडॉगही गोठावा असा बिट मीच सेट केला होता. त्याच्या शेजारचा, टायमर गोठवणारा बिट तसाच सोडला होता. वाचवणारा झोपवला आणि जाळणारा जागा ठेवला.

पुढच्या बोर्डाच्या वेळी मी सरांकडे डीबगची पूर्ण रचनाच वेगळी मांडायची परवानगी मागितली. त्यांचा पहिला प्रश्न नेहमीचाच: "कनेक्टरचा खर्च कशाला?" रास्त प्रश्न आहे, दर बोर्डामागे पैसे जातात. म्हणून कनेक्टर नाहीच. बोर्डाच्या खालच्या बाजूला तांब्याचे पाच उघडे ठिपके: डेटा, क्लॉक, रीसेट, ग्राउंड आणि व्होल्टेजचा संदर्भ. टेस्ट जिगच्या स्प्रिंगवाल्या पिना त्यावर टेकतात. दोन तारांच्या पायांवर दुसरं कुठलंही काम टाकायचं नाही, हे सर्किट काढतानाच ठरवलं. लॅपटॉप आणि बॅटरीच्या मध्ये आयसोलेटर, म्हणजे बोर्ड जळला तरी यूएसबीवाटे काही आपल्यापर्यंत येऊ नये.

दुसरं, जास्त करंटची तपासणी कोडमधून काढून हार्डवेअरमध्ये नेली. एक कंपॅरेटर थेट टायमरच्या ब्रेक पायाला जोडला. प्रोसेसर झोपलेला असो, थांबलेला असो, करंट वाढला की गेट बंद. तिसरं, डीबगरनं थांबवलं की टायमरही थांबणार आणि सहाही गेट खाली जाणार. हे नुसतं लिहून सोडलं नाही. करंट लिमिटवाल्या सप्लायवर मुद्दाम वीस-पंचवीस वेळा ब्रेकपॉइंट मारले आणि ओसिलोस्कोपवर सहाही सिग्नल पडताना बघितले.

आणि चौथं, मला सगळ्यात आवडलेलं. करंट, रोटरची जागा आणि ड्यूटी यांच्या शेवटच्या २५६ नोंदी रॅममध्ये गोल फिरत राहतात. मोटर चालू असताना आम्ही त्या एसडब्ल्यूडीवरून बाजूने वाचतो. ब्रेकपॉइंट नाही, प्रिंट नाही. तो झटका आठवतो? असाच सापडला. रोटरच्या जागेचा आकडा ३५९ अंशांवरून शून्यावर येताना एका वजाबाकीत चूक होत होती. थांबवून पाहिलं असतं तर ती दिसलीच नसती, कारण ती फिरतानाच व्हायची.

"थांबलं की सगळं बंद" हा नियम मात्र डोळे मिटून सगळीकडे लावू नका. आमच्या मोटरला तो चालतो, रिक्षा आपली घरंगळत थांबेल. क्रेनला लोहचुंबक असेल आणि त्याला लोखंडी प्लेट चिकटलेली असेल, तर बंद करणं म्हणजे ती कोणाच्या तरी डोक्यावर सोडणं. प्रत्येक आउटपुटला वेगळं विचारावं लागतं, की प्रोसेसर नसताना तू कुठे उभा राहशील?

इंजिनिअरिंग कॉलेजमधले बरेच जण ऐकताय, म्हणून हे खास तुमच्यासाठी. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्या देशात डिझाइन झालेले प्रोसेसर आहेत, दोन्ही रिस्क-फाइव्हवर. तुमच्यापैकी कोणीतरी प्रोजेक्टसाठी एफपीजीएवर स्वतःचा छोटा कोर बनवत असेल. रिस्क-फाइव्हचं डीबग स्पेसिफिकेशन फुकट वाचायला मिळतं, ते वाचा. बाहेरच्या तारा बोलणारा भाग वेगळा, आतला डीबग मॉड्यूल वेगळा. डीबगर हॉल्ट रिक्वेस्टचा बिट लावतो, कोर थांबतो, मग रजिस्टर वाचायचे. त्यात स्टॉपटाइम नावाचा एक छोटा बिट आहे: डीबग मोडमध्ये गेल्यावर कोरचा टायमर चालू ठेवायचा की थांबवायचा. म्हणजे तो स्पेक लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता. पण तुमचा पीडब्ल्यूएम ब्लॉक तुमचा आहे. त्याला थांबल्याची बातमी पोचवणारी तार तुम्हालाच ओढावी लागेल.

आणि विकायला जाणाऱ्या मालात पोर्ट उघडा ठेवू नका, कोणीही कोड वाचून घेईल. पण कुलूपही समजून लावा. काही चिप्समध्ये कुलूप काढलं की फ्लॅश पुसली जाते, काहींमध्ये ते कायमचंच बसतं. मग बिघडून परत आलेला बोर्ड हातात असतो आणि आत बघता येत नाही. त्यासाठी बिघाडाच्या नोंदी सर्व्हिसच्या कनेक्टरवरून वाचता येतील अशी वेगळी वाट आधीच ठेवा.

आता आमच्या टेबलावर एक पद्धत आहे. मोटरला बॅटरी जोडलेली असताना कोणी "थांबवतोय" म्हणालं, की ताई सोल्डरिंग आयर्न खाली ठेवतात आणि विचारतात, "काय काय?" मग मोजून सांगावं लागतं. प्रोसेसर, टायमर, गेट. तिन्ही ऐकल्याशिवाय त्या हात पुढे करत नाहीत. नवीन पोरं आधी हसतात, मग तीही मोजायला लागतात.

चला, तुमच्या बोर्डावर काय काय थांबतं ते एकदा तपासून बघा, आणि चष्मा लावून बघा. भेटू पुढच्या गुरुवारी.