कारखानदाराला काय विचारावं?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



घरोघरी एकच बोलणं चालू आहे. पोरगा शिकला, नोकरी नाही, शेतीत भागत नाही, तेव्हा त्याला एखादा धंदा काढून द्यावा. विचार वाईट नाही. पण धंदा शिकायचा कुठं? पुस्तक वाचून पोहता येत नाही. ज्यानं स्वतः धंदा उभा केला त्याच्याकडं जावं आणि त्याला विचारावं, हा सरळ मार्ग. पण विचारायचं काय, हे ठाऊक नसलं तर तो मार्गही खड्ड्यात नेतो. मी त्या खड्ड्यात पडून आलो आहे, म्हणून सांगतो.

मी तूरडाळीची लहान मिल काढली होती. त्याआधी एका डाळमिलवाल्याला भेटलो. तीन गोष्टी विचारल्या. मशीन केवढ्याचं? कर्ज किती मिळतं? सबसिडी किती? त्यानं तिन्ही उत्तरं खरी दिली. मशीन आलं, चाललंही. पण तूर रोख घ्यावी लागे आणि डाळ उधार जाई. दोन महिन्यांत सगळा पैसा दुकानदारांच्या वह्यांत जाऊन बसला. ऐन हंगामात तूर घ्यायला हातात पैसा नाही. दुसऱ्या वर्षी मिलला कुलूप लागलं. दोष डाळमिलवाल्याचा नव्हता. उधारी किती दिवसांची असते, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

पुढं गावातली चार पोरं जिनिंग काढायचं म्हणू लागली. त्यांना घेऊन मी एका जिनवाल्याकडं गेलो. माणूस शेतकऱ्याच्याच घरातला. नफा किती होतो, हे विचारायचं नाही, असं आम्ही ठरवून गेलो होतो. नफा कोणी खरा सांगत नाही, आणि सांगितला तरी त्यातून शिकायला काही मिळत नाही. आम्ही विचारलं, ‘भाऊ, पहिल्या वर्षी तुम्ही कशात फसलात?’

तो हसला, आणि मग दीड तास बोलत राहिला.

त्याचं पहिलं उत्तर होतं, उतारा. शंभर क्विंटल कापसाला 34 चा उतारा पडला तर 34 क्विंटल रुई निघते, म्हणजे 170 किलोच्या 20 गाठी. उतारा 33 वर आला की एक क्विंटल रुई गेली. पहिल्या वर्षी त्यानं कापूस नुसता बघून घेतला. दव असताना वेचलेला माल काट्यावर जड भरला आणि यंत्रावर हलका निघाला. दुसरं उत्तर, कचरा. रुईत सुतळीचा धागा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा सापडला की सूतगिरणी भाव तोडते. तिसरं उत्तर, भाव. आज कापूस घेतला आणि रुई विकेपर्यंत बाजार पडला, तर तोटा त्याच्याच अंगावर.

पोरांनी तिथंच कागद काढून हिशेब मांडला. परत येताना कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, ‘काका, तो सांगत होता तो ओला कापूस आपणच नेऊन घातला असेल.’

भावांनो, ही मुलाखत फुकट गेली नाही. चौघांनी जिनिंगचा बेत पुढं ढकलला. आधी गावाचा कापूस दव गेल्यावर वेचायचा, कवडी वेगळी काढायची आणि एकजात माल करून एकत्र विकायचा, असं ठरवलं. त्यात काय हाती लागलं, ते पुढच्या बैठकीत तेच सांगतील.

मोठ्यांच्या चरित्रातही हेच शोधावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शिकायचं आहे ते त्या दोन वर्षांत. माल तयार आहे, गिऱ्हाईक नाही, तेव्हा माणूस टिकला कशावर?

म्हणून कोणाकडं गेलात तर हे पाच प्रश्न घेऊन जा. पहिला माल कोणी घेतला, आणि का घेतला? पैसा किती दिवस अडकतो? पहिल्या वर्षी नुकसान कशात झालं? तोपर्यंत घर कशावर चाललं? आज नव्यानं सुरुवात करायची झाली तर कोणती गोष्ट करणार नाही?

दहा जणांचा घोळका नेऊ नका, दोघं-तिघं जा. हंगामाच्या गर्दीत जाऊ नका. तो बोलत असताना मधे आपलं शहाणपण सांगू नका. घरी आल्याबरोबर सगळं लिहून काढा. आणि निघताना काट्यावरच्या माणसाशी, हमालाशीही दोन शब्द बोला. मालक विसरतो ते त्यांच्या ध्यानात असतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं अशी एक मुलाखत लिहून आणावी. आणि त्याआधी तेच पाच प्रश्न रात्री घरी बसून स्वतःच्या कापसाला आणि ज्वारीला विचारावेत. घरच्या लक्ष्मीला शेजारी बसवा. हिशेब तिला जास्त ठाऊक असतो.