मोजलं तर दिसतं
(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामानबदल आणि आरोग्य ह्या विषयावर बोलशील का, असं कार्यकारिणीने विचारलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं होतं. मी डॉक्टर नाही, हवामानशास्त्रज्ञ तर मुळीच नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. कंपन्यांच्या सिस्टिम्स ठीक चालल्या आहेत की कुठे बिघडतंय, ह्यावर नजर ठेवणारी यंत्रणा उभी करणं हे माझं काम. पण वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की अरे, हा तर आपल्याच धंद्यातला प्रश्न! बदलत्या हवामानामुळे जगाची तब्येत बिघडते आहे, हे मोजायचं कसं? आज तेवढ्यापुरतंच बोलतो.

सुरुवात घरापासून करतो. माझे काका अकोल्याला असत. निवृत्त शिक्षक, तब्येत ठणठणीत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी ते बँकेच्या कामाला बाहेर पडले. "सकाळी जा," असं काकू म्हणाली, तर तिला म्हणाले, "ऊन काय आपल्याला नवीन आहे का?" संध्याकाळी अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं आणि रात्री काका गेले. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. काकू आजही म्हणते, "त्यांना ऊन लागलं रे."

माझ्या मते दोघांचंही बरोबर असेल. पण नोंद झाली ती दाखल्याची. काकूचं वाक्य कुठल्याही डेटाबेसमध्ये गेलं नाही. ऊन असंच असतं. ते हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, दम्याच्या नावाखाली माणसं नेतं आणि स्वतःचं नाव मागे ठेवत नाही.

मग ते पकडायचं कसं? युक्ती अगदी सोपी आहे. प्रत्येक मृत्यूचं कारण शोधत बसायचं नाही, फक्त एकूण आकडा बघायचा. समजा, एका शहरात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दरवर्षी साधारण 700 मृत्यू होतात. एका वर्षी त्याच आठवड्यात कडक ऊन पडलं आणि 1,000 झाले. साथ नाही, पूर नाही. मग वरचे 300 कुठून आले? ह्याला अतिरिक्त मृत्यू म्हणतात. सर्व्हरवरचा लोड नेहमीपेक्षा वाढला की आम्ही कारण शोधायला लागतो ना, तसंच हे.

ह्या हिशेबाने युरोपचे डोळे उघडले ते 2003 मध्ये. त्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 15,000 अतिरिक्त मृत्यू झाले. पूर्ण उन्हाळ्याचा युरोपभरचा आकडा 70,000 च्या वर गेला. गेलेल्यांत बहुतेक म्हातारी माणसं, आणि त्यातली कितीतरी एकटी राहणारी. ऑगस्ट म्हणजे फ्रान्सचा सुट्टीचा महिना. घरचे लोक बाहेरगावी होते. मंडळी, हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. आपण तर बाराही महिने बाहेरगावी आहोत!

फ्रान्सने पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, उष्णतेच्या इशाऱ्याची यंत्रणा उभी केली आणि इमर्जन्सी विभागांतली माहिती रोजच्या रोज गोळा करायला सुरुवात केली. म्हणजे महिन्यांनी आकडे कळण्याऐवजी धोका चालू असतानाच कळायला लागला. आपल्या इंग्लंडमध्येही 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमधल्या कोनिंग्सबीला पारा 40.3 अंशांवर गेला, तेव्हा हवामान खात्याने त्याआधीच उष्णतेचा पहिलावहिला लाल इशारा दिला होता.

"हे सगळं श्रीमंत देशांचं झालं," असं कोणी म्हणेल. तर अहमदाबादचं ऐका. मे 2010 मध्ये तिथे तापमान 46.8 अंशांवर गेलं. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात 1,344 अतिरिक्त मृत्यू निघाले. पालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात रंगांचे इशारे, मोबाइलवर संदेश, डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण आणि पाण्याची सोय असं सगळं आलं. एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खाली हलवला आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या तान्ह्या बाळांची संख्या चांगलीच घटली. मशीन नाही, कोट्यवधी रुपये नाहीत. कोणीतरी नोंदी बघितल्या, एवढंच!

पण नुसता पारा बघूनही भागत नाही. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर दुपारच्या उन्हात मोठा समारंभ झाला आणि 14 जणांचा जीव गेला. विदर्भाच्या मानाने तिथलं तापमान काहीच नव्हतं. पण किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून हल्ली तापमान आणि दमटपणा एकत्र मोजतात. रात्रीचं तापमानही महत्त्वाचं, कारण रात्र तापलेली राहिली तर शरीराला विसावा मिळत नाही.

उन्हासारखंच आजारांचं. जागतिक आरोग्य संघटनेकडे 2000 साली डेंग्यूच्या सुमारे 5 लाख केसेस नोंदल्या गेल्या होत्या. 2024 मध्ये 1 कोटी 40 लाखांच्या वर. मात्र हे सगळं खापर हवामानावर फोडणं बरोबर नाही. वाढती शहरं, विमानप्रवास, सुधारलेली नोंदणी, हीसुद्धा कारणं आहेत. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणं, हेच ह्या कामातलं अवघड गणित.

हे गणित जगभरासाठी मांडणारा एक प्रकल्प आहे, 'लॅन्सेट काउंटडाउन'. तो इथेच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून चालतो. उष्णतेचे बळी, डासांना पोषक हवामान, दुष्काळ, धुराचे परिणाम, सरकारांची तयारी अशा चाळीसहून अधिक निर्देशांकांचा हिशेब तो दरवर्षी मांडतो. त्यांच्या 2025 च्या अहवालानुसार 2012 ते 2021 ह्या काळात उष्णतेमुळे जगात दरवर्षी सरासरी 5 लाख 46 हजार माणसं दगावली.

आणि इथेच मला पुन्हा काका आठवतात. असे आकडे मॉडेलमधून येतात, आणि मॉडेलला खरा डेटा लागतो. भारतात 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. आफ्रिकेतल्या कितीतरी भागांत तर मृत्यूची नोंदच होत नाही आणि हवामान केंद्रंही विरळ. म्हणजे जिथे मार सगळ्यात जास्त, तिथेच नोंद सगळ्यात कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर, ज्या सर्व्हरचा लॉगच येत नाही, तो ठीक चाललाय असं समजू नये!

आपण काय करायचं? मी माझ्यापुरतं एक केलंय. एप्रिल ते जून आई-बाबांच्या गावचा अंदाज रोज बघतो, दिवसाचा आणि रात्रीचाही. इशारा असला की सकाळीच फोन. "जेवलात का?" हे तर विचारतोच, पण आता "लघवीला नीट होतंय ना? बाहेरची कामं उरकली का? कूलरमध्ये पाणी भरलं का?" हेही विचारतो. बाबा चिडतात, "तू काय माझा डॉक्टर आहेस का?" मी म्हणतो, "नाही बाबा, मी तुमचा मॉनिटरिंग सिस्टिम आहे." शेजारच्या एका मुलाचा नंबरही घेऊन ठेवलाय. फोन उचलला नाही तर तो जाऊन बघतो. ह्याला खर्च शून्य.

आणि इथेही, उन्हाळ्यात आपल्या रस्त्यावर एकटी राहणारी आजी असेल, तर जरा दार वाजवा. 2003 च्या फ्रान्समध्ये अशी कितीतरी दारं कोणी वाजवलीच नव्हती.

काकांची नोंद आता बदलणार नाही. निदान तुमच्या ह्या सभागृहात तरी ती आज झाली.