आप्तांचे समाधान आणि मनोरुग्णालय



मनोरुग्णालयातून रुग्ण घरी निघतो, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्याच्या आप्तांपुढे एक छापील कागद ठेवला जातो. सेवेविषयी आपण समाधानी आहात काय? बहुतेक जण ‘होय’च्या रकान्यात खूण करतात आणि गाडीची वेळ गाठण्यासाठी घाईने निघून जातात.

अशा प्रश्नावल्यांपैकी एक फार प्रसिद्ध आहे. लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. प्रश्न आठ, प्रत्येकाला चार पर्यायी उत्तरे. गुण कमीत कमी ८, अधिकात अधिक ३२. कुठेही वापरली तरी उत्तरे वरच्या टोकाकडे गोळा होतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कृतज्ञता हे त्याचे एक कारण. याच दारी पुन्हा यावे लागेल ही धास्ती, हे दुसरे. शिवाय आप्त तुलना करतात ती दुसऱ्या, अधिक चांगल्या रुग्णालयाशी नव्हे. घरात जागून काढलेल्या रात्रींशी करतात. त्या प्रश्नावलीत ‘हीच सेवा आपल्या स्नेह्याला सुचवाल काय?’ अशा आशयाचा एक प्रश्न आहे. ज्या कुटुंबाने हा आजार शेजाऱ्यापासूनही लपविला आहे, त्याने ती सुचवावी तरी कोणाला?

मग आप्तांना हवे असते तरी काय? याचे उत्तर आपल्याच देशात फार पूर्वी मिळाले होते. युरोपीय पद्धतीच्या वेड्यांच्या इस्पितळात नातेवाईक हा पाहुणा असे. भिंती उंच, भेटीचे दिवस ठरलेले. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू उभारले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या माणसांनाही राहावयास बोलाविले. ते आप्तांशी आजाराविषयी बोलत आणि त्यांच्या परिचयाच्या धर्मग्रंथांचे दाखलेही देत. भुताखेतांची भीती ओसरे. रुग्णाशी कसे वागावे, हे आप्त प्रत्यक्ष पाहून शिकत आणि बरा झालेला माणूस घरी नेण्यास कचरत नसत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मानसिक आरोग्य केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले. तेथेही घरचे माणूस रुग्णासोबत ठेवण्याचा प्रघात पडला.

पुढे ‘सोबत एक माणूस हवे’ हा नियम अनेक रुग्णालयांत रुजला. परंतु तंबू उचलला गेला, तंबूतला संवाद मात्र नेहमी उचलला गेला नाही. औषधे आणावी, आंघोळ घालावी, रात्री पहारा करावा, ही कामे आप्ताची. आणि औषध का बदलले हे मात्र त्याला कोणी सांगावयाचे नाही! फुकटचा परिचारक आणि उपचारातला भागीदार यांत अंतर आहे, आणि आप्तांच्या असमाधानाचे मूळ बहुधा याच अंतरात आहे.

बंगलोर येथे शैला पै आणि र. ल. कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरील भार मोजण्याची एक पद्धत मांडली. पैसा, दैनंदिन कामे, विरंगुळा, घरातील परस्परसंबंध, इतरांचे शारीरिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य अशा सहा अंगांनी तिच्यात विचारणा होते. याच अभ्यासकांनी पुढे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांचे दोन गट तपासले. एका गटाला रुग्णालयात दाखल केले. दुसऱ्यातील रुग्णांच्या घरी परिचारिका जात असे. घरच्या गटात रुग्णाची प्रकृती अधिक सुधारली, खर्च कमी आला आणि कुटुंबावरील भारही अधिक हलका झाला. तेव्हा रुग्णालयाविषयी ‘समाधानी’ असलेल्या आप्ताला दुसरा मार्ग कधी दाखविला होता काय, हेही विचारावयास हवे.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, म्हणजे २०१७च्या कायद्याने, रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क दिला आणि त्याच्या माहितीची गुप्तता राखणे बंधनकारक केले. हे योग्यच झाले. आप्ताला यामुळे कधी दाराबाहेर थांबावे लागते, त्याला वाईटही वाटते. तथापि रुग्णाचे गुपित हे आप्ताच्या समाधानाचे मोल होऊ शकत नाही. याच कायद्याचे ९८वे कलम मात्र आप्ताच्या उपयोगाचे आहे. रुग्णाला घरी सोडताना तो ज्यांच्यापाशी राहणार, त्या कुटुंबीयाशी वा काळजीवाहकाशी मनोविकारतज्ज्ञाने विचारविनिमय करावयाचा असतो. तिसऱ्या दिवशी त्याने गोळी नाकारली तर काय करावे? झोप उडाली तर किती दिवस वाट पाहावी? रात्री कोणाला विचारावे? हे प्रश्न तेथे विचारता येतात.

आता हा विचारविनिमय व्हावयाचा कोणाशी? रुग्णाला न्यावयास पुष्कळदा भाऊ किंवा वडील येतात. कागदावर सही त्यांची, समाधानाची खूणही त्यांचीच. गोळ्यांची पुडी मात्र घरी पोचताच आईच्या किंवा पत्नीच्या हाती जाते, आणि तिला कोणी काहीच विचारलेले नसते.