न दिसणारं दप्तर
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी सांगितलं, ‘अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल.’ तिथलं घर आणि बर्फ तुम्ही ग्रुपवरच्या फोटोंत पाहिलंच आहे. फोटोत न येणारी एक गोष्ट आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी कंपनीत माणसं निवडायचं काम माझ्याकडे आलं. एका जागेसाठीच्या अर्जांतून मी पाच नावं काढली. यादी बघून आमच्या एक कृष्णवर्णीय सहकारी बाई म्हणाल्या, ‘बाजूला ठेवलेले हे दोन अर्ज पुन्हा वाचाल का?’ वाचले. शिक्षण तेच, अनुभव थोडा जास्तच. फरक एवढाच, की नावावरूनच उमेदवार कृष्णवर्णीय असावेत हे कळत होतं. मी ते का वगळले? ‘आपल्या टीममध्ये जुळतील असं वाटलं नाही,’ एवढंच मला म्हणता आलं. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक संशोधन वाचायला दिलं.

मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना साधारण 10 अर्जांमागे एक बोलावणं येत होतं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना 15 अर्जांमागे एक. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी किती जण स्वतःला वंशद्वेष्टे म्हणवून घेतील? मीही म्हटलं नसतं.

विमानतळावर मला तपासणीसाठी बाजूला घेतलं की मी चिडायचो. त्यामुळे भेदभाव आपल्यावर होतो, आपण करत नाही, अशी माझी समजूत होती.

पेगी मॅकिन्टॉश या गोऱ्या प्राध्यापिकेनं 1989 च्या एका लेखात म्हटलंय, की गोऱ्या माणसाच्या पाठीवर एक न दिसणारी पिशवी असते. मी तिला दप्तर म्हणतो. दुकानात पाळत नसते, ‘त्वचेच्या रंगाची’ म्हणून मिळणारी पट्टी आपल्या त्वचेला जुळते, साहेबाला भेटायचं म्हटलं तर बहुधा आपल्याच वर्णाचा माणूस समोर येतो. हे दप्तर मागून घेतलेलं नसतं. ज्याच्या पाठीवर असतं त्याला त्याचं वजनही जाणवत नाही.

आपल्या लोकांचा तिथला इतिहासही मी नंतर वाचला. 1923 साली भगतसिंग थिंड यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘गोरे’ मानायला नकार दिला, म्हणून ते नागरिकत्वाला अपात्र ठरले. पुढे कृष्णवर्णीयांनी नागरी हक्कांचा लढा दिला. त्यातून बदललेल्या वातावरणात 1965 चा स्थलांतर कायदा झाला, आणि आपल्यासारख्यांना दार उघडलं. त्या दारातून मी आत गेलो, आणि त्यांच्याच मुलांचे अर्ज बाजूला ठेवले.

ही सवय मी तिथे शिकलो असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही. डॉ. आंबेडकरांनी 1946 साली ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांना लिहिलेल्या पत्रात तिथल्या आणि इथल्या पीडितांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं. वंश आणि जात एकच नाहीत. पण नावावरून माणूस जोखायला मी इथेच शिकलो होतो. आठवी ते दहावी माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या घरी मी कितीतरी वेळा जेवलो. त्याला माझ्या घरी एकदाही नेलं नाही. आई आडनाव विचारेल, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असावं, कारण त्यानं कधी विचारलं नाही.

तो आज इथे आहे. काल रात्री मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘उशीर केलास.’ मग चहा सांगितला.

आमच्या विभागात आता अर्जावरचं नाव झाकून पहिली निवड होते. सगळ्यांना तेच प्रश्न विचारतो, आणि चर्चेआधी प्रत्येक जण आपले गुण लिहून ठेवतो. ‘जुळेल असं वाटत नाही’ म्हणायचं असेल, तर कारण लिहावं लागतं. कार्यालयात असे नियम करता येतात. घराच्या उंबऱ्यावर मात्र आपलं आपल्यालाच विचारावं लागतं.

सर, बाई, तुम्ही आमची दप्तरं तपासायचात. हे एक तपासायचं राहिलं होतं, ते आज तुमच्यासमोर उघडलं.