बाण गेल्यावर उरणारा आवाज

बिनआवाजाच्या धनुष्यावर मी बोलणार हे जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. ‘सर, बिनआवाजाचं धनुष्य कायले पायजे? रोही मारायचे हायेत काय?’ उभा हरभरा रोह्यांनी (नीलगायींनी) एका रात्रीत साफ केल्यावर शेतकऱ्याचं डोकं का फिरतं, ते मला कळतं. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. परवान्याशिवाय शिकार हा गुन्हाच आहे, मग धनुष्य कितीही मुकं असो. तेव्हा मेळघाटच्या जंगलाच्या दिशेने कोणी बघू नये. मी मैदानावरच्या धनुष्याबद्दल बोलणार आहे.

तरी शिकाऱ्यांचं नाव घ्यावंच लागेल, कारण कंपाउंड धनुष्य आलं तेच शिकारीच्या नादातून. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने १९६६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. टोकांना कॅम, म्हणजे फिरणाऱ्या चकत्या, बसवले, केबल ओवल्या, आणि एक चमत्कार झाला. ६० पौंड ओढीचं धनुष्य पूर्ण ओढलं की हातावर जेमतेम १५ पौंड उरतात. नेम धरायला निवांतपणा मिळाला. पण जितके फिरणारे भाग वाढले, तितक्या खडखडायच्या जागाही वाढल्या.

शिकाऱ्याला हा आवाज का खुपतो? बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो, आवाज आपल्या उन्हाळ्यात ३५० मीटर. तीस मीटरवरच्या हरणापर्यंत आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच पोचतो, बाणाला तिसऱ्या भागाहूनही जास्त वेळ लागतो. मधल्या पाव सेकंदात हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून तिकडे दोरीला रबराच्या मिशा लावण्याचा मोठा धंदा उभा राहिला.

आपल्याकडे लक्ष्य म्हणजे ५० मीटरवरचा कागद. तो उडी मारत नाही. मग आवाजाची काळजी कशाला? कारण आवाज म्हणजे बाणाला न मिळालेली ऊर्जा. ओढलेल्या धनुष्यात जी ऊर्जा साठते, तिच्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा बाण घेऊन जातो. उरलेली लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा), दोरी, कॅम आणि तुमचं मनगट यांत वाटली जाते. आवाज वाढला याचा अर्थ कुठेतरी वाटणी बिघडली. माझं म्हणणं एवढंच, की आवाज बंद करण्याआधी तो ऐका. आमची मुलं उलटं करतात. खणखणाट झाला की आधी रबर विकत आणतात. त्याने आवाज दबतो, पण आतला सैल स्क्रू सैलच राहतो.

सुरुवात ॲलन कीपासून करावी. नेमाची साइट, बाण टेकायचा रेस्ट, स्टॅबिलायझरचे सांधे, केबल गार्ड, सगळे स्क्रू एकेक तपासा. मग दोन्ही कॅम एकाच क्षणी थांबतात का ते बघा. एक आधी आणि एक मागून थांबला तर नॉक (बाणाची दोरीत अडकणारी मागची खाच) वरखाली ओढला जातो, बाण डोलत जातो आणि हाताला झणका बसतो. हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बरंच कळतं. दुरुस्ती मात्र लिंब दाबून धरणारा प्रेस असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. घरी केबल काढायला जाऊ नका.

यानंतर बाणाचं वजन, आणि इथे मी थोडा वेळ घेणार. वेग हवा म्हणून सगळ्यांना हलका बाण हवा असतो. पण बाण हलका झाला की त्याचा वाटा घटतो आणि धनुष्याच्या अंगावर जास्त ऊर्जा उरते. रिकामी बैलगाडी खडखडते, भरलेली मुकाट चालते, तसंच. बहुतेक कंपन्या ओढीच्या दर पौंडामागे किमान ५ ग्रेन वजनाचा बाण मागतात, म्हणजे ६० पौंडांना ३०० ग्रेन, जवळपास साडेएकोणीस ग्रॅम. थोडा जड बाण घेतला तर वेग घटतो, पण धनुष्य शांत होतं आणि हातही. बाण हलका करत जाण्याची शेवटची पायरी म्हणजे बाणाशिवायच दोरी सोडणं. सगळी ऊर्जा परत धनुष्यावर. लिंब तडकतं, दोरी तुटते, डोळाही जाऊ शकतो. पाहुण्यांना ‘जरा ओढून बघा’ म्हणून धनुष्य हातात देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे सगळं झाल्यावर जोडसामान. रायझरमागचा (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागामागचा) स्ट्रिंग स्टॉप दोरीला पुढे झेपावल्यावर अडवतो; तो नीट बसवला तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. लिंबावरचे रबरी डॅम्परही चालतात. दोरीवरचं रबर कॅमच्या बाजूला असू द्या, मधोमध लावलं तर वेग जास्त खातं.

स्टॅबिलायझरबद्दल मोठा गैरसमज आहे. दोरी सुटल्यापासून बाण निघेपर्यंत सेकंदाचे जेमतेम एक-दोन शतांश जातात. हाताला मुख्य झणका जाणवतो तोवर बाण गेलेला असतो, त्यामुळे तो झणका त्या बाणाचं काही बिघडवू शकत नाही. लांब दांड्याचं खरं काम आधीचं, नेम धरताना धनुष्य डुलू न देण्याचं. झणक्याचा तोटा पुढच्या बाणाला होतो: मूल घाबरून हात आवळतं, कोपर दुखायला लागतं, साइट हळूच सरकते.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, बंद गाडीत तर विचारायलाच नको. तिथे धनुष्य ठेवलं की दोरी ताणली जाते, कॅमचा ताळमेळ बिघडतो, लिंबांचे थर सुटू शकतात. सकाळी शांत असलेलं धनुष्य दुपारी बोलायला लागलं, तर आधी गाडीची चौकशी करा.

हा सगळा खटाटोप कशासाठी? २०२३ साली शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. २०२५ मध्ये तिथेच अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने १३९-१३८ असं सुवर्ण जिंकलं. दोन्ही वेळा फरक एकाच गुणाचा. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे.

म्हणून अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. कंपनं मोजायला तुम्हाला शिकवतात. प्रयोगशाळेतला मोटारचा पंखा सोडा आणि एखाद्या सकाळी तिरंदाजीच्या मैदानावर या. संवेदक रायझरला चिकटवा, तीन वजनांचे बाण सोडून आलेख काढा आणि ते आलेख प्रशिक्षकांना द्या. गावातच हे काम करणारे पाच-सहाजण तयार झाले, तर मुलांना कॅम जुळवून घ्यायला पुण्या-मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही.